दिगंबर शिंपी आणि फोनातली मापं

मंडळी, ऐका! कथेला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. पुढे बसलेल्या बायकांनी उत्तर द्यायचं, मागच्या पुरुषांनी नुसती मान हलवायची — घरी करता तेच!

प्रश्न असा — झाकणं आणि लपवणं, हे एक का दोन?

काय म्हणालात आजोबा? "एकच!" असं? मग मला सांगा, दुधावर झाकणी ठेवता, ते काय दूध लपवता? नाही ना! आणि दूध उतू गेलं, सासूबाई यायच्या आत ओटा पुसला, पातेलं पालथं घातलं — त्याला काय झाकणं म्हणायचं? … त्या खांबाजवळच्या सूनबाई खाली बघायला लागल्या. राहू दे, राहू दे! मी नाव घेत नाही.

पण हा प्रश्न दुधाचा नाही, बरं का. हल्ली ज्याला बघावं तो छाती पुढे काढून म्हणतो, "बुवा, माझा फोन कुणीही बघा! मला काय लपवायचंय?" वा! मोठा निर्मळ माणूस! असाच एक निर्मळ माणूस होता. त्याचं काय झालं, ते आता सांगतो.

कृष्णेच्या काठी चिंचवणी नावाचं गाव. गावात सोमवारचा बाजार, एक कन्याशाळा, आणि एस.टी. स्टँडासमोर एक लेडीज टेलरचं दुकान. दुकानाचे मालक — दिगंबर बोंगाळे. आता बघा गंमत! नाव दिगंबर, म्हणजे दिशा हेच ज्याचं वस्त्र, अंगावर चिंधी नाही — आणि धंदा काय? गावाला कपडे शिवायचा! पेटीवाले, हसू नका, सूर हलतो.

गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि या अण्णांचं एक व्रत होतं. व्रत कसलं, तर तोंड बंद ठेवायचं! माप घेताना नजर टेपवर. आकडा पुटपुटायचा तोही असा, की शेजारी बसलेल्या कारागिराला ऐकू जाऊ नये. एखादी म्हणाली, "अण्णा, आमच्या जाऊबाईंची कंबर किती हो?" तर अण्णा म्हणायचे, "वहिनी, तुमची किती ते मी त्यांना सांगू का?" संपलं! प्रश्न तिथेच गार!

मापं लिहायची एक जाडजूड वही होती. ती काउंटरवर पडलेली असायची. तीन वर्षांपूर्वी काय झालं — अण्णा मशीनमध्ये दोरा ओवत होते, आणि दोन बायका वही चाळत होत्या. "अगं बाई! हिची एवढी?" "आणि मी बारीक झाले म्हणून पेढे वाटत होती!" अण्णांनी वही ओढून घेतली, पण मनात धस्स झालं. का, ते सांगतो.

मंडळी, इथे जरा हसणं बाजूला ठेवा.

कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका शिंत्रेबाई. गावात दोनच आवाजांना लोक दचकायचे — एक साखर कारखान्याचा भोंगा, आणि दुसऱ्या शिंत्रेबाई. त्या दोन महिने गावात नव्हत्या. प्रशिक्षणाला गेल्यात, असं शाळेत सांगितलं होतं. परत आल्या त्या एका दुपारी दुकानात आल्या. कारागीर जेवायला गेला होता, हे बघूनच आल्या. म्हणाल्या, "बोंगाळे, माझं ऑपरेशन झालंय. डावी बाजू काढली. गावात कुणाला माहीत नाही, आणि मला दयेचे डोळे सहन होत नाहीत. ब्लाउज असा शिवा, की कुणाला कळणार नाही."

अण्णांनी टेप उचलला. मान हलवली. कापड घरी नेलं. कारागिराच्या हाताला ते लागू दिलं नाही. डावीकडे आतून एक मऊ खिसा शिवला, त्यात भराव बसेल असा. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा जमला. सोमवारी बाई तोच ब्लाउज घालून शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या, आणि उशिरा आलेल्या मुलींवर अशा ओरडल्या, की अख्ख्या गावाला वाटलं — बाई ठणठणीत आहेत!

आता सांगा, हे माप त्या काउंटरवरच्या वहीत लिहायचं? अण्णांना ते पटेना. म्हणून त्यांनी वही जाळली आणि सगळी मापं फोनात घातली. फोन खिशात, खिशाला बटण. याहून सुरक्षित काय? हेतू बघा केवढा चांगला!

फोनात एक फुकटचं ॲप होतं — 'शिलाई-सखा'. नाव तर सख्ख्या मित्रासारखं. उघडल्या उघडल्या विचारायला लागलं. "तुमचे संपर्क पाहू का?" अण्णांनी बोट दाबलं — होय. "तुमचा कॅमेरा वापरू का?" होय. "तुम्ही कुठे जाता ते पाहू का?" होय. "तुमचं बोलणं ऐकू का?" होय! नऊ वेळा होय! अहो, लग्नात भटजीसमोरसुद्धा माणूस इतक्यांदा हो म्हणत नाही! कारागिराने विचारलं, "अण्णा, वाचलंत का काय लिहिलंय?" अण्णा म्हणाले, "मला काय लपवायचंय?"

आठवतंय ना हे वाक्य? हां!

तीन वर्षं सख्याने गुण उधळले नाहीत. मग एके दिवशी उधळले. कुणीतरी ते ॲप विकत घेतलं, आतल्या बायकांची नावं, मापं, नंबर, सगळं कुठल्याशा जाहिरातवाल्याच्या हाती गेलं. आणि आपल्याकडे बायकांनी दिलेला नंबर कुणाचा असतो? नवऱ्याचा!

संपतराव घोरपडे सलूनमध्ये दाढी करायला बसले होते. गालाला फेस, डोळ्यांवर चष्मा नाही. फोन वाजला — टिंग! संपतराव न्हाव्याला म्हणाले, "बबन, वाच रे काय आलंय, सोसायटीचं असेल." आणि बबनने वाचलं. मोठ्याने वाचलं! "जयमालाताई, कंबर चव्वेचाळीस? आपल्या मापाचा पोट सपाट करणारा पट्टा, खास आपल्यासाठी!"

सलूनमध्ये सात माणसं. वस्तरा हवेत. संपतराव हळूच म्हणाले, "चव्वेचाळीस? ती तर मला छत्तीस सांगते!"

मंडळी, अर्धी दाढी तशीच ठेवून तो माणूस घरी गेला. बरं, गेला तो गेला, पण घरी जाऊन विचारलं! अहो, विचारतात का? … ते मागचे गृहस्थ मान हलवतायत. अनुभवी दिसतात.

दुपारपर्यंत गावभर टिंग टिंग! कुणाला दंडाचा घेर, कुणाला पाठीची रुंदी. एकीच्या सासऱ्याच्या फोनवर गेलं, त्याने ते गावाच्या ग्रुपवर टाकून विचारलं, "हे कुणाचं आहे?" आणि सगळ्या बोटांचा रोख एकाच दिशेला — स्टँडासमोर!

चार वाजता महिला मंडळाची बैठक भरली. अण्णांची बायको वैजूवहिनी त्या मंडळाची सभासद. कोपऱ्यात बसून बिचारीने सगळं ऐकलं. जयमालावहिनी तर उभ्याच होत्या. "चला सगळ्या! दुकानात घुसून त्याची मशीनं रस्त्यावर काढू!" तेव्हा अध्यक्षीणबाई बोलल्या. अध्यक्षीण कोण? शिंत्रेबाई! त्या एवढंच म्हणाल्या, "दुकानावर कुणी जायचं नाही. माणूस आपण होऊन बोलायला येतो का, ते आधी बघू." बाईंचा शब्द! सगळ्या खाली बसल्या. पण त्या दिवसापासून दुकानात एक बाई फिरकली नाही. शिवायला दिलेलं कापडसुद्धा लोकांनी परत मागवलं. हळदीकुंकवाला वैजूवहिनींना बोलावणं येईना. कारागीर दोन दिवस मशीनला तेल घालत बसला, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी कामाला गेला.

आणि अण्णा? अण्णांनी रागाने ते ॲप पुसलं. पण फोन हातात घेतला की अंगावर काटा यायचा. जेवताना वैजूवहिनी म्हणाल्या, "गुडघे दुखतायत हो," तर दुसऱ्या दिवशी फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! अण्णांनी फोन पिठाच्या डब्यात ठेवला. "इथे काही ऐकू जाणार नाही!" मग डब्यात फोन वाजला, आणि उचलेपर्यंत अण्णांच्या मिशांना कणीक!

… कुणाचा वाजतोय तिकडे? असू दे, असू दे, बंद करू नका, घ्या! अख्ख्या मंडपाला ऐकू द्या. तुम्हाला काय लपवायचंय?

बंद केला बघा. पुढे ऐका.

गावात दस्तगीर मुल्लाणी म्हणून एक गृहस्थ होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पांढरी दाढी, गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. सगळे त्यांना चाचा म्हणत. निवृत्त झाल्यावर माणूस बागकाम करतो, नातवंडं सांभाळतो. यांनी कॉम्प्युटर सांभाळला. अण्णा वैजूवहिनींना घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चाचा, हा फोन विहिरीत टाकू का?"

चाचा म्हणाले, "विहिरीचं पाणी गाव पितं, अण्णा. आण इकडे." फोन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आत कारभारी कोण आहे?"

"कारभारी?"

"प्रत्येक फोनात एक असतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात त्याला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, कुठली पेटी उघडायची, सगळं तो ठरवतो. तुझा कारभारी फोनाबरोबर आला. राबतो तुझ्या घरी, पण खबर देतो दुसऱ्याच्या घरी. तू कुठे गेलास, काय शोधलंस, सगळं कळवतो. त्या ॲपने चोरी केली, खरं. तू दार उघडून दिलंस, तेही खरं. आणि हा दारात उभा राहून बघत बसला."

"मग याला काढता येतो?"

"येतो की. दुसरा ठेवायचा. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. कुणाची मालकी नाही, आत काय आहे ते सगळं उघडं."

अण्णा गोंधळले. "चाचा, मला झाकलेलं पाहिजे आणि तुम्ही उघडं म्हणताय!"

चाचांनी अंगातला सदरा काढला. खरंच काढला! उलटा करून अण्णांच्या मांडीवर टाकला. "हा कुणी शिवला?"

"मीच."

"आता आतून बघ. शिलाई कशी, टाका कुठे, अस्तर कसलं, कुणालाही दिसतं. शिंप्याने फसवलं तर लगेच कळेल. पण मी हा घातला की माझं अंग दिसतं का? शिलाई उघडी, अंग झाकलेलं. तसा हा कारभारी. तुझा जुना कसा होता? सुंदर कोट, पण अस्तर उसवून बघायला मनाई!"

मंडळी, शिंप्याला शिवणातलं सांगितलं, लगेच कळलं! अण्णा म्हणाले, "बसवा!"

"थांब. सगळ्याच फोनांना बसत नाही." चाचांनी यादी बघितली. नशीब! अण्णांचा फोन यादीत होता. "आता ऐक. आतलं सगळं पुसलं जाईल. फोटो, नंबर, मापं, सगळं. आणि काही गोष्टी चालणार नाहीत. बँकेचं ॲप रुसेल. मेव्हण्याचे सकाळचे गुलाबाचे फोटो कदाचित येणार नाहीत."

"मेव्हण्याचे येणार नाहीत?" अण्णांचे डोळे चमकले. "चाचा, लवकर करा!"

चाचांनी वायर लावली, आणि थांबले. म्हणाले, "अण्णा, मी तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसलो. अख्ख्या गावाचं बोलणं माझ्या कानापासून गेलं. कुणाच्या सोयरिकी मोडल्या, कोण रडलं, मला ठाऊक आहे. कधी बायकोलाही सांगितलं नाही. पण एकदा माझ्या हातून चुकून तारा जुळल्या, एकाचं बोलणं दुसऱ्याने ऐकलं. मी सायकल काढून त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. फोन नवा होईल, अण्णा. पण गेलेलं परत येत नाही. ज्यांचं गेलं, त्यांना तू जाऊन सांगितलंस ना?"

आणि अण्णा काय म्हणाले? सवय! बोट दाबायची सवय! "होय, होय!"

चाचांनी बटण दाबलं. पडदा काळा. वैजूवहिनी मागे उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अण्णा कुजबुजले, "गेला का हो?" चाचा म्हणाले, "गेला नाही, न्हातोय." आणि मग उजेड! स्वच्छ पडदा! ना जाहिरात, ना घड्याळाशेजारी नाचणारी बाहुली. लग्नाआधी सारवलेल्या खोलीसारखा मोकळा!

आता अण्णांना जो चेव चढला, तो विचारू नका! शिवणकामाची नवी वही फोनात घेतली, तिचं इंटरनेटच तोडून टाकलं. बॅटरीचं ॲप म्हणालं, "संपर्क पाहू का?" अण्णा ओरडले, "अरे, उजेड पाडायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला?" — परवानगी नाही! पंचांगाने विचारलं, "तुमचं बोलणं ऐकू का?" "एकादशी कधी ते तू सांगायचं, मी नाही!" — परवानगी नाही! अहो, इतकी गोडी लागली, की घरातही सुरू! वैजूवहिनी म्हणाल्या, "अहो, कुठे निघालात?" "परवानगी नाही!" वैजूवहिनींनी ताट उचलून आत नेलं. "मग आज जेवायलाही परवानगी नाही!"

एका लग्नाला निघाले, तर नव्या फोनातल्या नकाशाला मंगल कार्यालयच माहीत नाही! चार ठिकाणी थांबून माणसांना विचारत गेले. अक्षता पडून गेल्या होत्या, पण वाटेत एकाने ऊस दिला आणि एकाने ताक पाजलं. अण्णा भलतेच खूश. हा सुधारलेला माणूस, हा शुद्ध झालेला फोन!

पण दुकान रिकामंच. आणि मंडळी, रिकाम्या दुकानात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. चाचांचा प्रश्न काही जाईना. "सांगितलंस ना?" कात्री उचलली — सांगितलंस ना? समोरून शाळेच्या मुली रांगेने गेल्या, मागे शिंत्रेबाई, ताठ — सांगितलंस ना? बाईंनी दुकानाकडे बघितलं नाही. अण्णांनी मात्र फोन काढून उगीच पुसला.

त्यांनी मनाशी किती हिशेब मांडले! बाईंच्या फोनवर काही आलंच नसेल. आलं असतं तर त्या बोलल्या नसत्या? आणि आता सांगून त्यांना दुखवायचं कशाला? बघा, मन कसं वकिली करतं! फी न घेता!

शेवटी सव्वीस दिवसांनी, शाळा सुटल्यावर, अण्णा मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पाचवीतल्या मुलासारखा हात मागे बांधून.

"या, बोंगाळे."

"बाई, माझ्या फोनातून मापं बाहेर गेली."

"गावाला माहीत आहे."

"त्यात तुमचंही होतं."

"असणारच."

"आणि मापाखाली मी एक ओळ लिहिली होती."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कुठली ओळ?"

अण्णांनी टेबलाच्या कडेवर बोटाने रेघ ओढली. "डावीकडे… आतून खिसा."

बाईंनी खण उघडला, फोन काढला, टेबलावरून पुढे सरकवला. अण्णांनी वाचलं. ऑपरेशन झालेल्या स्त्रियांसाठी खास कपडे, शिंत्रेताईंच्या नावाने. तारीख — पहिल्याच दिवसाची. वेळ संपतरावांच्या दाढीच्याही आधीची!

"तुम्हाला ठाऊक होतं?" अण्णांनी मान वर केली. "मग त्या दिवशी मंडळात तुम्ही…"

"मंडळात मी एक शब्द बोलले असते, तर तुमचं दुकान उभं राहिलं नसतं. ते मला करायचं नव्हतं. मी वाट बघत होते, बोंगाळे. सव्वीस दिवस. पहिले आठ दिवस रागाने बघितली. नंतर नुसतीच बघितली."

"बाई, मी फोन बदलला. आतला कारभारीच बदलला! आता एक अक्षर बाहेर जाणार नाही."

"चांगलं केलंत. पण मला एक सांगा — तो माझं झाकावं म्हणून बदललात, का स्वतःचं लपावं म्हणून?"

मंडळी! हाच तो प्रश्न! बुवाने पाठ करून आणलेला नाही. एका बाईने जखमेवर हात ठेवून विचारलेला! अण्णा रडले. पुरुष रडतो तसं नाही हो, आवाज दाबून; चांगले हुंदके देऊन रडले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "बसा." आणि ज्या शाळेत बाई कुणाला बसा म्हणत नाहीत, तिथे अण्णा बसले.

"किती बायकांची मापं होती?"

"त्रेसष्ट."

"उद्यापासून घरोघर जा. प्रत्येकीला तोंडाने सांगा. फोनवर नाही."

आणि निघाली हो स्वारी! छत्री नाही, पिशवी नाही, नुसते हात जोडलेले. पहिल्या घरी दार तोंडावर आपटलं. दुसऱ्या घरी ओसरी धुवत होते, पाणी पायांवर आलं — चुकून का मुद्दाम, ते विचारलं नाही. तिसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "माझं माप कुणाला गेलं? पाठवणाऱ्याला म्हणावं, दात पण मोज!" एकीने चहा दिला आणि साखर घातली नाही. एक मात्र रडली, म्हणाली, "अण्णा, माझ्या सासऱ्याने ते ग्रुपवर टाकलं. मी अजून बाजारात जात नाही." अण्णा तिच्या उंबऱ्यावर खाली मान घालून बसून राहिले. सारवासारव केली नाही. सख्याला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "माझ्यामुळे झालं." दुसऱ्या दिवशी शिंत्रेबाई त्या सुनेला घेऊन बाजारातून मुद्दाम दोन फेऱ्या मारून आल्या. कुणाची मान वळली नाही. कशी वळेल!

राहता राहिलं घोरपड्यांचं घर. जयमालावहिनी कमरेवर हात ठेवून — हो, त्याच कमरेवर! — दारात उभ्या. अण्णांनी सगळं सांगितलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "माफ केलं. पण एका अटीवर. ह्यांना सांगा, तो आकडा चुकीचा होता. छत्तीसच आहे म्हणावं."

आता आली का पंचाईत! खरं बोलावं तर वहिनींची लाज जाते. खोटं बोलावं तर नुकतंच धुतलेलं तोंड पुन्हा काळं. आणि तेवढ्यात संपतराव बाहेर आले. आता दाढी पूर्ण केलेली. "काय अण्णा, तुम्हीच सांगा. छत्तीस का चव्वेचाळीस?"

अण्णांनी हात जोडले. "मालक, तो आकडा माझ्यापाशी ठेवायला दिला होता. मला राखता आला नाही, त्याची माफी मागायला आलोय. पण खरा का खोटा, ते तुम्हाला काय, देवाने विचारलं तरी सांगणार नाही. परवानगी नाही!"

दारातच वहिनींना हसू फुटलं. आधी पदराआड, मग मोठ्याने! संपतरावही हसायला लागले. म्हणाले, "राहू द्या हो. सत्तावीस वर्षं मला छत्तीस बरी वाटली, पुढेही वाटेल." वाजवा टाळी त्या माणसासाठी! नवऱ्याने असं शहाणं व्हावं, भले सत्तावीस वर्षं लागोत!

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक जयमालावहिनी. जुनी मापं पुसली गेली होती, टेप पुन्हा काढायला लागला. पोळ्यापर्यंत मशीन सुरळीत झालं, कारागीर परत आला. त्रेसष्टमधल्या नऊ जणी मात्र कधीच आल्या नाहीत. हेही सांगायला हवं. सगळंच शिवून निघतं असं नाही.

शिंत्रेबाई स्वतःचा फोन घेऊन चाचांकडे गेल्या. "माझाही धुवा." त्यांचा यादीत नव्हता, बरं का! बाई म्हणाल्या, "मग काय काय बंद करता येतं ते तरी शिकवा." वहीत उतरवून घेतलं, लाल शाईने. आणि पुढे एक नवल घडलं. मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्यासारख्याच बायका त्यांना भेटायच्या. बाई त्यांना सांगायला लागल्या — चिंचवणीला एक शिंपी आहे. बाकी काही सांगायच्या नाहीत. लांबलांबून बायका यायला लागल्या, दुपारच्या, दुकान शांत असताना. अण्णा आतून खिसा शिवायचे.

अशीच एक आली. तिशीतली पोर, डोक्याला रुमाल बांधलेला, बरोबर सासू. माप झालं. अण्णांनी फोन काढला आणि थांबले. म्हणाले, "ताई, हे मी यात लिहून ठेवू का? हा फोन बाहेर काही पाठवत नाही, मी खात्री केलीय. पण तुम्ही नको म्हणालात तर लिहीत नाही, लक्षात ठेवतो. गोष्ट तुमची आहे."

त्या मुलीने एकदा सासूकडे बघितलं. मग डोळे भरले. म्हणाली, "मामा, माझ्या या शरीराचं काय काय झालं. काढलं, टोचलं, भाजलं. कागदांवर सह्या घेतल्या, नातेवाइकांना फोन लावून कळवलं. पण 'गोष्ट तुझी आहे, सांगू का, लिहू का' — असं मला कुणी विचारलंच नव्हतं."

मंडळी, मी एक ओवी रचली आहे. मोडकी आहे, माझीच आहे. कुणा संताच्या नावावर खपवत नाही —

दुजियाचें उघडें पडे । तेथें पांघराया हात पुढें ।
आपुलें न झांकी कुडें । तोचि साधु ॥

कळलं आजोबा? दुसऱ्याची लाज राखायला घालतो, ते पांघरूण. आपली चूक दिसू नये म्हणून ओढतो, तो बुरखा. कापड एकच, हात कुणासाठी पुढे गेला त्यावर ठरतं.

आता आपल्याकडे वळतो. चुळबुळ करू नका, सुटका नाही! तुम्ही सगळे निर्मळ, तुम्हाला काही लपवायचं नाही, मान्य. पण तुमच्या त्या फोनात तुम्ही एकटे राहता का? काकू, तुमच्या फोनात बहिणीच्या आजाराचे कागद आहेत. भाऊ, तुमच्या फोनात शेजाऱ्याचा नंबर आहे, मुलीचे फोटो आहेत, मित्राने रडत रडत लिहिलेलं काहीतरी आहे. तुम्ही बोट दाबून "होय" म्हणालात — त्यांना विचारलं होतं का? फोनातला कारभारी बदला, नाहीतर बदलू नका. चाचा प्रत्येक गावात भेटत नाहीत. पण बोटाला तेवढं थांबायला शिकवा.

आणि तुमच्यातल्या एखाद्याच्या हातून कुणाचं काही निसटलं असेल — फोनातून नसेल, तोंडातून असेल, पाणवठ्यावर, पारावर, लग्नाच्या पंगतीत — आत्ता या क्षणी तुम्हाला त्या माणसाचं नाव आठवलंय. मला दिसतंय. कीर्तन संपलं की बुक्का लावायला माझ्याकडे येऊ नका. आधी त्या घरी जा. ते माणूस दाराशी वाट बघत बसलं असेल.

टाळ उचला, आणि त्या सर्वसाक्षीचं नाव घ्या, जो सगळं बघतो आणि कुणाचं काही सांगत नाही — पांडुरंग हरी!